हरकत असल्यास

कोल्हापूरच्या माणसाला हरकत घ्यायला निमित्त लागत नाही. शेजाऱ्यानं भिंत बांधली, हरकत. तीच भिंत पाडली, तरी हरकत. मिसळीत कट कमी पडला तर हरकत, आणि जास्त पडला तर 'ह्याचे जादा पैसे लावणार काय?' अशी आगाऊ हरकत. आमच्या बँकेत तर काही खातेदार व्यवहारासाठी येतच नाहीत, हरकत नोंदवायला येतात आणि पंखा बरा असला तर दोन वेळा नोंदवतात.

लग्न हा मात्र एकच प्रसंग असा, की तिथं सगळ्या पेठेला हरकत असते आणि एक माणूस तोंड उघडत नाही. उघडतो तो जेवायला. मग सहा महिन्यांनी काही बिनसलं, की पान जुळवत कुणीतरी म्हणतो, "मला ते पोरगं पहिल्यापासनं बरं वाटलं नव्हतं." मग बाबा, आधी का नाही बोललास? "मला कुणी विचारलं?"

'मला कुणी विचारलं' ह्या तीन शब्दांवर आपला निम्मा समाज उभा आहे. आपल्याकडे विचारत नाहीत हे खरंच आहे. भटजी 'सावधान' म्हणून ओरडतात, पण ते नवऱ्या मुलाला. आणि तो इशारा मनावर घेतलेला ज्ञात नवरा एकच. तो बारा वर्षांचा होता, बोहल्यावरून पळाला आणि पुढं समर्थ रामदास झाला, असं सांगतात. बाकीचे आपण सगळे सावधान ऐकूनही जागच्या जागी उभे राहिलेलो. मंडपातल्या लोकांना कुणी काही विचारत नाही. त्यांच्या हातात अक्षता दिल्या, की त्यांचं मत संपलं.

ख्रिस्ती लोकांत मात्र विचारतात. चांगलं तीन-तीनदा विचारतात. हे मला कळलं ते आमच्या हेडकॅशियरांच्या मुलीच्या लग्नात.

आमचे हेडकॅशियर म्हणजे मोजणीचा अर्क. नोटांची गड्डी यंत्रातून निघाली तरी हाताने पुन्हा मोजणारे. त्यांचं घराणं ऑल सेंट्स चर्चचं. कोल्हापुरात मिशनची जुनी घराणी दोन. एक अमेरिकन, म्हणजे १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर नावाचे पाद्री आले त्यांच्या परंपरेतलं. न्यू शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. दुसरं विलायती, म्हणजे अँग्लिकन थाटाचं, ते ऑल सेंट्स. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतातल्या सहा चर्चसंस्था एकत्र आल्या आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं. त्यात अँग्लिकनही गेले आणि प्रेस्बिटेरियनही. मला बँकवाल्याला हे विलीनीकरण लगेच समजलं. पाटी बदलते, शिक्का बदलतो, पण जुनी गिऱ्हाइकं पन्नास वर्षांनीही जुन्याच नावानं हाक मारतात आणि 'आमच्याकडं अशी पद्धत नव्हती' असं म्हणत राहतात.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मी हिशेबात बसवून दाखवलं होतं, ही माझी शाखेतली ख्याती. त्यामुळे हेडकॅशियर मला म्हणाले, "तुम्ही बरोबर राहा. जेवणाचं, खुर्च्यांचं, गाड्यांचं तुम्ही बघा. देवळाचं मी बघतो." आमच्या ख्रिस्ती मंडळींत चर्चला देऊळ म्हणतात, हे ऐकायला फार गोड लागतं.

पहिल्याच बैठकीत मी विचारलं, "मुहूर्त किती वाजून किती मिनिटांचा?"

पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "सकाळी सहा ते संध्याकाळी सात."

मी वहीत लिहिता लिहिता थांबलो. तेरा तासांचा मुहूर्त! आपल्याकडं बारा वाजून सदतीस मिनिटांचा मुहूर्त असतो आणि नवरी सव्वा वाजता येते. इथं मुहूर्त चुकवायचा म्हटला तरी मोठ्या तयारीनं चुकवावा लागेल. पण ही त्यांची गंमत नव्हती. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात ही वेळ आहे, सवलतीचे काही अपवाद सोडून. त्याच कायद्यात अँग्लिकन धर्मगुरूंना आणखी एक बंधन घातलेलं आहे. लग्न देवळातच लावायचं. पाच मैलांच्या आत तसलं देऊळच नसेल किंवा खास परवाना असेल, तरच बाहेर. हेडकॅशियरांच्या मेहुण्यांना हायवेवरच्या एका लॉनवर, कारंज्यापाशी लग्न हवं होतं. पाळकसाहेबांनी विचारलं, "इथून किती मैल?" मेहुणे म्हणाले, "अडीच." मामला संपला. आमच्या हॉलवाल्यांच्या बाजारात असा एखादा कायदा असता तर किती बापांचे पैसे वाचले असते!

बाकी पुष्कळसं आपल्यासारखंच होतं. लेंटचे चाळीस दिवस म्हणजे उपवासकाळ, त्यात लग्न नको. आपला चातुर्मास तसाच. आदल्या दिवशी हळद. हळदीला मटण. त्या बाबतीत धर्म कुठलाही असो, कोल्हापूर हे कोल्हापूर. तांबड्या-पांढऱ्यावरून मुलाकडच्या मिरजकरांशी जी चर्चा झाली ती निकियाच्या धर्मपरिषदेतही झाली नसेल.

मग आल्या बॅन्स. म्हणजे लग्नाआधीचे तीन रविवार, भर उपासनेत, सगळ्यांसमोर पाळकांनी दोघांची पूर्ण नावं वाचायची आणि विचारायचं, की ह्या दोघांचं लग्न होऊ नये असं कारण कुणाला माहीत आहे काय, असेल तर सांगा. ही चाल जुनी. १२१५ मध्ये रोमच्या लॅटरन परिषदेनं ती सगळ्या चर्चला लावून दिली. पुढं इंग्लंडात चोरून लग्नं फार होऊ लागली, तेव्हा १७५३ मध्ये पार्लमेंटनं कायदाच केला. आणि तीन रविवारांनी भागत नाही म्हणून ऐन लग्नातही पुन्हा एकदा विचारतात. 'जेन एअर' कादंबरीत त्या क्षणी खरंच एक वकील पुढं येतो आणि नवऱ्याची पहिली बायको जिवंत असल्याचं सांगतो. ती कादंबरी १८४७ ची. तेव्हापासून सिनेमावाल्यांनी त्या क्षणावर किती पोट भरलं असेल त्याला सुमार नाही.

मला ही पद्धत मनापासून पटली. आपण काय करतो? चौकशी करतो, पण चोरून. मुलाच्या गल्लीतल्या पानवाल्याकडं एक मामा पाठवायचा, न्हाव्याकडं दुसरा. दोघांनी मिळून एका निष्पाप माणसाची दाढी आणि अब्रू दोन्ही काढायच्या. त्यापेक्षा हे बरं. ज्याला बोलायचं त्यानं उजेडात उभं राहून, स्वतःच्या नावानं बोलावं. बँकेत घरतारण कर्ज देताना वकील पेपरात जाहीर नोटीस देतो, 'सदर मिळकतीवर कुणाचा हक्क असल्यास चौदा दिवसांत कळवावे, न कळवल्यास हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल.' तसंच. इतकंच, की मिळकतीला पुढं सासू नसते.

हे सगळं कौतुक मी ही दोन पायांवर नीट उभा असताना केलं. मग पाळकसाहेबांनी वाचायच्या कागदावर मुलाचं नाव लिहिलं. त्याचं, वडिलांचं, आडनाव, गाव. आणि ते नाव मी आधी वाचलेलं होतं. आमच्याच शाखेत. माझ्याच टेबलावर.

मी कर्ज विभागात आहे. आमच्याकडं एक टेम्पोचं कर्ज आहे. कर्जदार एक, आणि गेली दोन वर्षं हप्ता भरणारा दुसराच. तो दुसरा म्हणजे जामीनदार. मित्रानं टेम्पो घेतला, ह्यानं सही केली. अकरा हप्ते गेले आणि मित्र बसला. आता दर महिन्याच्या सात तारखेला मिरजेहून पैसे येतात. लॅबमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाच्या पगारातून, दुसऱ्याच्या टेम्पोसाठी.

आता आली का पंचाईत? तुम्ही म्हणाल, त्यात काय, हेडकॅशियरांना सांगून टाकायचं. तसं नाही. खातेदाराची गोष्ट बाहेर बोलणार नाही, असं नोकरीला लागताना आम्ही लिहून दिलेलं असतं. राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७० च्या कायद्यातच गुप्ततेचं कलम आहे. आणि हेडकॅशियर बँकेचे असले तरी बाप म्हणून ते परकेच. बाप ह्या पदाला आमच्या सिस्टीममध्ये लॉगिन नाही.

शिवाय काळ असा आलाय, की ही गोष्ट लहान राहिलेली नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत मूर्तिजापूरची बातमी सगळ्या पेपरांत होती. मुलीच्या मामानं बैठकीत मुलाचा सिबिल रिपोर्ट मागितला, त्यात कर्जंच कर्जं निघाली, आणि लग्न मोडलं. पत्रिकेत मंगळ असला तर शांत करता येतो. सिबिलमधला डाग सात पिढ्यांचे उपास करूनही निघत नाही. आणि जामीनदाराच्या नावावरही तो पडतो. मुळात माझे हेडकॅशियर म्हणजे तीस वर्षांत कुणालाही जामीन न राहिलेला माणूस. सख्ख्या भावाला त्यांनी सांगितलं होतं, "पैसे घेऊन जा, सही मागू नको."

मी गप्प राहिलो असतो. गप्प राहणं हा कारकुनाचा स्थायीभाव. पण पहिल्या रविवारच्या आधी, शुक्रवारी, कॅश बंद करता करता हेडकॅशियर हसत म्हणाले, "राव, तुम्ही कर्जाच्या टेबलावर. मुलाचं कुठं काही असतं तर तुम्ही बोलला असताच. तुम्ही काही बोलत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे असं मी धरून चाललोय."

त्या रात्री मी बी.कॉम.चं मर्कंटाइल लॉचं पुस्तक माळ्यावरून काढलं. सौ. म्हणाली, "ह्या वयात परीक्षा?" तिला काय सांगणार. भारतीय करार कायदा हाही १८७२ चाच. एकाच वर्षी साहेबानं आपल्याला करार कसा करावा आणि चर्चमध्ये लग्न कसं करावं, दोन्ही शिकवलं. त्या कायद्याच्या सतराव्या कलमात गप्प बसण्याचा विचार केलाय, आणि तो घोड्याच्या दाखल्यानं केलाय. एक जण लिलावात घोडा विकतो. घोडा अधू आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. पण घेणारी जर त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य. आणि घेणारा जर म्हणाला, की 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरतो', आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं म्हणजे बोलणंच.

मी पुस्तक मिटलं. हेडकॅशियरांनी शुक्रवारी मला तिसऱ्या दाखल्यात नेऊन उभं केलं होतं. पण मी विकणारा होतो का? घोडा माझा नव्हता. आणि सगळ्यात मोठा प्रश्न, घोडा अधू होता का? दुसऱ्याचं ओझं ओढतो म्हणून जनावर अधू ठरतं, की खंबीर? सिबिलच्या मते अधू. माझ्या मते, सांगता येत नाही. स्वतःच्या सहीला दोन वर्षं जागणारा माणूस 'मरण आपल्याला वेगळं करीपर्यंत' असं म्हणाला, तर त्याच्यावर मी पटकन विश्वास ठेवीन. पण त्याची बायको होऊन महिन्याचे साडेसात हजार कमी पाहायचे असतील तर ठेवीन का? मी सौ.ला नावं न घेता विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही तुमच्या मावसभावाला जामीन राहिलात तेव्हा मला कुणी विचारलं होतं?" हा विषय तिथंच थांबला.

पाळकसाहेबांनाही मी आडून विचारलं. "हरकत म्हणजे नक्की काय काय?" ते म्हणाले, "आधीचं लग्न, वय, जवळचं नातं, जबरदस्ती." मी म्हटलं, "आणि कर्ज?" ते म्हणाले, "कर्जवाल्यांना वगळलं, तर देऊळ भाड्यानं द्यावं लागेल."

गुप्ततेत एक फट असते, ती कारकुनालाच दिसते. खातेदाराशी त्याच्याच कर्जाविषयी बोलायला बंदी नाही. उलट वसुलीसाठी बोलायचंच असतं. शनिवारी मी मिरजेची गाडी धरली. मुलगा लॅबबाहेर आला, पांढऱ्या कोटात. मी म्हटलं, "मी शाखेतून आलोय. टेम्पोच्या हप्त्याबद्दल." तो म्हणाला, "काका, सात तारखेला भरलाय." मी म्हटलं, "तो भरलाच. उद्या तुमचं नाव देवळात वाचणार आहेत. म्हणून आलो."

त्याच्या लक्षात आलं. थोडा वेळ तो नुसता कोटाचं बटण फिरवत राहिला. मग म्हणाला, "तिला पहिल्या भेटीतच सांगितलंय. तीच म्हणाली, पप्पांना लग्नानंतर सांगू. पप्पांना दुसऱ्याच्या कागदावरची सही नुसती दिसली तरी घाम फुटतो."

परतीच्या गाडीत मी पुन्हा पहिल्यापासून मोजणी केली. जिला घोडा घ्यायचा तिनं तो तपासून घेतलेला. मग माझ्याकडं हरकत अशी उरलीच काय? बापाची? बापानं मुलीचा हात धरून तिला वेदीपर्यंत न्यायचं, त्यालाच कोण हा हात देतो म्हणून विचारायचं, आणि जे तिला माहीत ते त्याला माहीत नसायचं, हे मला काही बरं दिसेना. पण मुलीची गोष्ट मुलीच्या अनुमतीशिवाय बापाला सांगायची, तर मग तीन मामा आणि न्हावी काय वाईट होते? लग्नाच्या वयाची मुलगी अजून बापाच्या खात्यात मायनर म्हणून नोंदलेली असावी, असं धरून आपण सगळे वागतो. रजिस्टर पद्धतीच्या लग्नाचं तेच. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवस नोटीस लावायची, आणि कुणीही सोम्यागोम्यानं फळ्यासमोर उभं राहून हरकत घ्यायची. विचारणं चांगलं. पण ज्याला त्याला विचारलं, की ज्याचं लग्न त्यालाच विचारायचं राहून जातं.

रविवारी सकाळी मी हेडकॅशियरांच्या घरी गेलो. ते टाय बांधत होते. मी म्हटलं, "परवा तुम्ही म्हणालात, मी गप्प आहे म्हणजे सगळं ठीक धरता. ते धरू नका. माझ्या गप्प राहण्याला किंमत नाही, ती माझ्या नोकरीची गप्पी आहे. काही विचारायचं असेल तर मुलीला विचारा. तिला सगळं माहीत आहे."

त्यांच्या हातातली टायची गाठ तशीच राहिली. पैसे मोजणाऱ्या माणसाला एक नोट कमी आहे हे गड्डी हातात घेतल्याबरोबर कळतं. ते काही न बोलता आतल्या खोलीत गेले. मी चहा न घेता निघालो. कोल्हापुरात कुणाच्या घरातून चहा न घेता निघणं म्हणजे केवढा प्रसंग असेल, ते तुम्हीच ओळखा.

आत काय झालं मला माहीत नाही. पहिल्या रविवारी नावं वाचली तेव्हा हेडकॅशियर नेहमीच्या पहिल्या बाकावर नव्हते, अगदी मागच्या दाराशी उभे होते, असं कळलं. दुसऱ्या रविवारी तिसऱ्या बाकावर. सोमवारी ते माझ्या टेबलापाशी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "त्या टेम्पोवर बाकी किती आहे हो?" मी म्हटलं, "ते खातं तुमचं नाही. सांगता येणार नाही." ते म्हणाले, "बरोबर आहे." आणि तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसले. तिसऱ्या रविवारी पहिल्या बाकावर.

लग्न मे महिन्यात, शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता झालं. तेरा तासांचा मुहूर्त असूनही मुलाकडचे वीस मिनिटं उशिरा आले. सगळे उभे राहिले, आणि पाळकसाहेबांनी तो शेवटचा प्रश्न विचारला. मग ते थांबले. चार-पाच सेकंदंच असतील. दोनशे कोल्हापूरकर आणि मिरजकर एका छताखाली, आणि एकाचीही हरकत नाही. असं दृश्य मी ना त्याआधी पाहिलं ना पुन्हा पाहीन. पंख्यांचा आवाज येत होता. मागं एका बाळानं हूं केलं, तेव्हा पाचपन्नास माना वळल्या. मी हेडकॅशियरांकडं बघितलं. ते समोर बघत होते.

जेवण देवळाबाहेर मांडवात होतं. खुर्च्या माझ्याकडं. भाड्याच्या दोनशे खुर्च्या सकाळीच ज्या टेम्पोनं आल्या, त्याच्या पाठीवर आमच्या बँकेचं नाव आणि खाली 'तारण' असं रंगवलेलं होतं. मी ते वाचलं, हेडकॅशियरांनीही वाचलं. चालवणारा नवऱ्याचा मित्र होता. भाडं घेणार नाही म्हणाला, "जिगरी दोस्ताचं लगीन हाय." हेडकॅशियरांनी खुर्च्या उतरताना मोजल्या, लावल्यावर पुन्हा मोजल्या.

रात्री परत चढवताना एकशे नव्याण्णव भरल्या. पुन्हा मोजल्या, एकशे नव्याण्णवच. मंडपवाला दंडाचे चारशे रुपये मागत उभा राहिला. टेम्पोवाला छातीवर हात ठेवून हेडकॅशियरांना म्हणाला, "मामा, तुम्ही काळजी करू नगा. एका खुर्चीचं मी भरतो."

हेडकॅशियरांनी वळून जावयाकडं बघितलं. जावयाचा हात सुटाच्या खिशात गेलेला होता.